अठरा आटे

एकतीस वर्षं मी पाणी सोडलं.
पहाटे पावणेचारला, सिडकोतल्या जलकुंभाखाली,
लोखंडी चावी खांद्यावर टाकून.
सहा नंबरच्या व्हॉल्व्हला अठरा आटे,
शाळेमागच्याला बावीस, त्यातले शेवटचे दोन गंजलेले.
उत्तमनगरच्या बायकांनी शिव्या घातल्या
त्या पाणी कमी पडलं म्हणून.
जास्त झालं म्हणून
कुणी कधी दारात आलं नाही.

तेजलची धुळ्याला बदली झाली
तेव्हा गॅलरीत अकरा कुंड्या ठेवून गेली.
जाड पानांची, बुटकी झाडं, नावं इंग्रजी.
मला जेड तेवढं लक्षात राहिलं,
आणि कोरफड, ती आपलीच.
"बाबा, पाणी फार नका घालू."
फार म्हणजे किती आटे
ते नाही सांगितलं.

पोळ्याच्या सुमारास एकानं मान टाकली.
मला वाटलं, तहानलंय.
घातलं.
सकाळी आणखी मलूल.
आणखी घातलं.
तिसऱ्या दिवशी वास आला,
चेंबरचं झाकण उचलल्यावर येतो तो.
तो वास मला कुणी शिकवायला नको.

म्हसरूळला केदू गांगुर्डेची नर्सरी.
आधी दहा वर्षं द्राक्षबागांत कलमं बांधायचा.
स्कूटरवर पायांत कुंडी धरून गेलो.
त्यानं झाडाकडे पाहिलंच नाही,
कुंडी उचलून बूड पाहिलं.
"भोक कुठंय, काका?"
पांढरी चिनीमाती, त्यावर रंगवलेली मांजर.
भोक नव्हतं.

मग एक पान चिमटीत धरून म्हणाला,
"तहानलेलं पान सुरकुततं, तुमच्या हातासारखं,
पण चिवट असतं.
हे बघा, काचेसारखं झालंय, पिवळं.
दाबलं की पाणी.
अवकाळीत मणी तडकतो ना घडातला, तसं.
मुळं कुजली, काका. आता प्यायचं कशानं?
म्हणून वरून तहानलेलं दिसतं."

मी खताच्या गोणीवर बसलो.

ब्लेड स्पिरिटनं पुसून त्यानं खोड कापलं.
आत तपकिरी गोल.
वर कापलं. अजून एक ठिपका.
"एवढासा राहिला तरी चढतो."
तिसऱ्या कापात हिरवं निघालं, कोवळ्या काकडीसारखं.
चहाच्या डब्याशेजारून दालचिनीची पूड काढून
जखमेला लावली.
"आठ दिवस सावलीत, कागदावर.
माती नाही, पाणी नाही."
"आठ दिवस?"
"मग भरड वाळू, विटेचा चुरा. तेव्हाही लगेच पाणी नाही."
निघताना जेडच्या बेचक्यातला कापूस सांगितला,
तर जुन्या भाऊबंदाची खबर कळावी तसा हसला:
"पिठ्या ढेकूण. इथंही आला का?"

अकरापैकी चार गेली.
सिंधू म्हणाली, "झाडं कुठं लावलीत तुम्ही,
टाक्या भरल्यात."
ड्रिल मशीन मागून आणलं, भोकं पाडली.
मांजराची कुंडी तडकली,
कानापासून शेपटीपर्यंत.
तेजलचा फोन आला. "ठीक आहेत सगळी," म्हणालो,
उरलेली सात
डोळ्यांनी मोजत.

अजून पावणेचारला जाग येते.
पांघरुणाखाली मनगट आपोआप वळतं.
गॅलरीत जातो, तांब्या आत ठेवून.
परवाच्या पेपरवर ते बिनमुळांचं डोकं पडलंय.
कापल्या जागी बोट लावतो,
खरखरीत, खपलीसारखं.
पाचवा दिवस.

समोरच्या बिल्डिंगची टाकी भरून
वाहायला लागते, बराच वेळ.
नवा पोरगा असेल व्हॉल्व्हवर.
शेवटचे दोन आटे गंजलेत,
जोर लावून फिरवावे लागतात,
हे त्याला कुणी सांगितलं नसेल.